कुरकुरीतपणा कोठे जातो ?

आषाढ लागला की मराठवाड्यात घराघरांतून तळणाचा खमंग वास येऊ लागतो. ‘आखाड तळणे’ असे या रिवाजाचे नाव. कणीक गुळाच्या पाण्यात भिजवायची, जाडसर लाटून तिच्या तिरप्या वड्या कापायच्या, वर खसखस किंवा तीळ दाबायचे आणि त्या मंद आचेवर तळायच्या, की कापण्या तयार. त्यांच्या जोडीला तिखटमिठाच्या पुऱ्या होतात, भजी होतात, कोठे वडेही होतात. कढई एकदा चढली की घरातील माणसांना पुरून उरेल इतके तळण सहज होते. आणि उरलेल्या तळणाचे दुसऱ्या दिवशी काय करायचे, हा प्रश्नही मग ठरलेलाच असतो.

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकलठाणा आहे. जुने गाव, त्याच्या आसपास औद्योगिक वसाहत आणि विमानतळ, असे या भागाचे आजचे रूप आहे. येथील कितीतरी घरांतील कर्ती माणसे कारखान्यात पाळीने कामाला जातात. अशाच एका घराची कल्पना करावी. आषाढातील संध्याकाळी आईने तळण काढले आहे. थोरला मुलगा रात्रपाळीला गेला आहे; तो सकाळी आठला परत येईल. त्याच्या वाटणीची कांद्याची भजी निवताच डब्यात घालून शीतकपाटात ठेवली आहेत. कापण्या पितळी डब्यात आहेत. चार बटाटेवडे मात्र ओट्यावरच ताटाखाली राहून गेले आहेत. सकाळी सातवीत शिकणारी धाकटी बहीण भज्यांचा डबा उघडून पाहते, तो आदल्या रात्री ज्या भज्यांचा चावताना आवाज होत होता, ती भिजलेल्या चिंधीसारखी लोळागोळा झालेली ! रात्रभर यंत्रापाशी उभे राहून आलेल्या भावाला ती तशीच द्यायची, हे तिच्या मनाला पटत नाही. आजी म्हणते, “अगं, भजी सादळली.”

आजीचे म्हणणे अर्धे खरे आहे. ते अर्धेच का, हे समजण्यासाठी प्रथम भजी कुरकुरीत होतात कशी, हे पाहिले पाहिजे.

भजी तळण्याजोगे तेल तापते तेव्हा त्याचे तापमान सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअस असते. पाणी समुद्रकिनाऱ्यावर १०० अंशांना उकळते. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच असल्यामुळे येथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. पण एवढ्या फरकाने कढईतील गणित बदलत नाही. ओले पीठ तापल्या तेलात पडले की त्यातील पाण्याची तत्काळ वाफ होते. ती वाफ बाहेर उसळते, आणि तेलात चुर्रर आवाज होऊन बुडबुडे येतात. हे बुडबुडे तेलाचे नव्हेत, ते भज्यातून निघून जाणाऱ्या पाण्याचे आहेत. जोपर्यंत वरच्या थरात पाणी आहे तोपर्यंत त्या थराचे तापमान उकळबिंदूच्या फारसे पुढे जात नाही. ते पाणी संपले, म्हणजे थर अधिक तापतो, तांबूस होतो आणि त्याला खमंगपणा येतो. बुडबुडे मंदावले की अनुभवी बाई झारा हाती घेते, ते यामुळेच. तिने तापमापक लावलेला नसतो. ती पाण्याचा हिशेब ठेवीत असते.

आता या वाळलेल्या थरात काय उरले ? पिष्ट आणि प्रथिने, आणि वाफ निघून गेल्यामुळे पडलेली असंख्य सूक्ष्म छिद्रे. पाणी नसलेले पिष्ट काचेसारखे असते. ते वाकत नाही, एकदम तुटते. दातांखाली अशा शेकडो पातळ भिंती एकामागून एक तुटतात आणि त्या तुटण्याचा जो आवाज होतो, त्यालाच कुरकुर म्हणतात. कुरकुरीतपणा हा जितका जिभेला कळतो, तितकाच कानालाही कळतो. या काचेसारख्या पिष्टात थोडे पाणी शिरले की ते प्रथम चिवट होते आणि मग मऊ पडते. भिंती तुटण्याऐवजी वाकू लागतात. आवाज बंद होतो. म्हणजे कुरकुरीतपणा ही पदार्थात घातलेली कोणती वस्तू नव्हे. पाण्याच्या अभावाचे ते नाव आहे. तो कोठे जातो, असे विचारण्यापेक्षा पाणी कोठून येते, असे विचारणे अधिक बरोबर.

ते दोन वाटांनी येते. एक वाट आतली. भज्याचा वरचा थर वाळलेला असला, तरी आतील कांदा रसरशीतच राहतो. वड्यातील बटाट्यात तर पाण्याचा अंश पीठाच्या आवरणाहून कितीतरी पट जास्त असतो. पदार्थ कढईबाहेर आला की आतील हे पाणी हळूहळू कोरड्या थराकडे सरकू लागते. त्यातच गरम भजी डब्यात घालून झाकण लावले, तर बाहेर पडणारी वाफ झाकणाला थडकते, तिचे थेंब होतात आणि ते थेंब पुन्हा भज्यांवरच गळतात. चविष्ट भज्यांचा सर्वांत मोठा शत्रू घट्ट झाकण होय, असे म्हटले तरी चालेल. भज्यांचे मऊ पडणे हे मुख्यतः या आतल्या पाण्याचे काम आहे, आणि म्हणूनच आजीचा शब्द येथे पुरता लागू पडत नाही. सादळणे म्हणजे हवेतील ओल शोषून मऊ होणे. भजी बाहेरून सादळण्यापूर्वीच आतून भिजलेली असतात.

दुसरी वाट बाहेरची, हवेतली. शेव, चकली, पापड, चिवडा, कापण्या यांच्या आत ओलसर गाभा असा उरलेलाच नसतो. ते मऊ पडतात ते हवेतील पाण्याने. ही खरी सादळ. आणि या बाबतीत चिकलठाण्याला एक विशेष मान आहे. कारण हवेत पाणी किती आहे, याची रोजची मोजदाद येथेच होते.

उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरचे तापमान इतके अंश होते, अशी बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तो आकडा बहुधा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो. भारतीय हवामान विभागाच्या अशा वेधशाळांत उघड्या जागेवर पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंती असलेली एक लाकडी पेटी खांबांवर बसवलेली असते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधील दीपगृह-अभियंत्याने १८६४ च्या सुमारास ती योजली, म्हणून तिला ‘स्टीव्हन्सन पेटी’ म्हणतात. (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा याच अभियंत्याचा मुलगा.) पेटीतून वारा खेळतो, पण ऊन व पाऊस आत येत नाहीत. तिचे दार आपल्याकडे उत्तरेस ठेवतात, म्हणजे उघडतानाही सूर्याचे किरण तापमापकांवर पडत नाहीत. तीत दोन सारखे तापमापक असतात. एकाचा फुगा कोरडा असतो. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची चिंधी गुंडाळून ती सतत ओली ठेवतात. चिंधीतील पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला तापमापक कमी अंश दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी वेगाने उडते आणि दोन्ही आकड्यांतील अंतर वाढते. वैशाखातील कडक दुपारी ते अंतर १५ अंशांच्याही वर जाते. आषाढात पावसाची झड लागली असता ते एकदोन अंशांवर येते. या अंतरावरून कोष्टकाच्या साहाय्याने हवेची सापेक्ष आर्द्रता काढतात. हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकेल, तिच्या शेकडा किती भाग प्रत्यक्षात आहे, तो आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

वाफ म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वस्तू. तेव्हा तिचे वजन सांगितल्यावाचून तिची कल्पना यायची नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्यावी. आषाढात त्या खोलीतील हवेचे तापमान २६ अंश आणि आर्द्रता शेकडा ८५ असेल, तर त्या हवेत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तरंगत असते. एवढ्या पाण्याने दोन मोठे पेले सहज भरतील ! पितळी डब्याचे झाकण सैल राहिले, तर कापण्यांना ओल मिळायला आणखी काय हवे ?

वाळल्या पदार्थांवर झालेल्या प्रयोगांवरून असे आढळले आहे की, भोवतालच्या हवेची आर्द्रता शेकडा ३५ च्या आत असेल तोपर्यंत बहुतेक कुरकुरीत पदार्थ तसेच राहतात. ती ३५ ते ५० च्या दरम्यान गेली की त्यांची कुरकुर झपाट्याने कमी होऊ लागते. चिकलठाण्यास उन्हाळ्याच्या दुपारी आर्द्रता शेकडा ३० च्याही खाली उतरते. त्या हवेत शेवेचे ताट उघडे राहिले, तरी शेव मऊ पडत नाही. पावसाळ्यात सकाळी तोच आकडा ८० च्या वर जातो, आणि तेच ताट तासाभरात नरम पडते. दिवाळी पाऊस सरल्यावर, हवा कोरडी होऊ लागल्यावर येते, हे चकलीचे भाग्यच म्हटले पाहिजे. कोकणातील गृहिणीला हे भाग्य मराठवाड्याइतके लाभत नाही. तेथे समुद्राची दमट हवा दिवाळीतही डब्याभोवती असते, आणि म्हणून तेथील झाकणे अधिक घट्ट असतात.

कापण्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. त्यांत गूळ असतो, आणि गूळ स्वतःच हवेतील ओल ओढून घेतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामुळे तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या आधी कापण्या नरम पडतात.

आता पुन्हा त्या घरातील भज्यांकडे वळावे. भाऊ यायला अजून अर्धा तास आहे. बहीण पातेल्यात थोडी भजी घालते, वर झाकण ठेवते आणि बारीक गॅसवर ठेवून देते. पाच मिनिटांनी झाकण काढते, तर भजी गरम आहेत, पण पूर्वीपेक्षाही लिबलिबीत. झाकणाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दाटलेले आहेत. तिने भज्यांतील पाण्याला बाहेर काढले खरे, पण दाराशी अडवून परत आत लोटले.

मग ती आईला विचारते की, पुन्हा तेलात सोडली तर ? तेलात सोडल्यास ती निश्चितच कुरकुरीत होतील; पाण्याची वाफ करून तिला हाकलण्यास तापल्या तेलासारखे साधन नाही. पण ही दुरुस्ती महाग पडते. पदार्थ तेलात असताना आतून बाहेर येणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. तो बाहेर काढला की वाफेचा जोर ओसरतो, छिद्रांत राहिलेली वाफ निवून आकसते, आणि पृष्ठभागावरील तेल आत ओढले जाते. तळणात मुरणारे पुष्कळसे तेल कढईत नव्हे, तर कढईबाहेर आल्यावर मुरते. भजी दोनदा तळली म्हणजे हे दोनदा घडणार. (झाऱ्यावर धरून नीट निथळलेले तळण कमी तेलकट लागते, याचे कारणही हेच. ते निथळायचे गरम असतानाच. निवल्यावर उशीर झालेला असतो.) शिवाय भज्याची पातळ टोके आधीच तळून वाळलेली असतात, ती दुसऱ्या तळणात करपतात. काही पदार्थ मुद्दाम दोनदा तळतात. बटाट्याच्या सळया प्रथम कमी तापल्या तेलात शिजवून घेतात आणि वाढण्यापूर्वी कडक तेलात तळतात. पण तेथे पहिले तळण अर्धे ठेवलेले असते. उरलेल्या भज्यांचे तसे नाही.

आणि तेलाचीही एक बाजू आहे. तेच तेल पुनःपुन्हा तापवले म्हणजे ते काळसर व दाट होते, त्याला फेस येतो, ते लवकर धुरावते. त्याचे घटक तुटून आरोग्यास अपायकारक अशी संयुगे त्यात साचत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला आहे की, तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण शेकडा २५ च्या पुढे गेले, तर ते तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये. घरी हे प्रमाण मोजण्याचे साधन नसते. पण तेलाचा रंग, वास आणि फेस हे तिन्ही साक्षीदार घरी असतातच.

आई तेलाची कढई काढीत नाही. ती भाकरीचा लोखंडी तवा गॅसवर ठेवते. तवा तीनचार मिनिटे मध्यम आचेवर रिकामाच तापू देते, मग आच कमी करते आणि भजी त्यावर सुटीसुटी मांडते. तेलाचा थेंबही घालीत नाही, झाकण तर नाहीच. थोड्याच वेळात भज्यांखाली तेल चमकू लागते. ते भज्यांतीलच, आदल्या दिवशी मुरलेले. दोनतीन मिनिटांनी ती भजी उलटते, पुन्हा थोड्या वेळाने उलटते. सातआठ मिनिटांत कडा ताठ होतात. एक भजे हातात घेऊन ती मोडते. काट्कन आवाज येतो.

तव्याने काय केले ? तळाकडून त्याने भज्याचा थर उकळबिंदूच्या पलीकडे तापवला आणि पाण्याची वाफ केली. पण खरी गंमत तव्यावरच्या हवेत आहे. हवा तापली की तिची वाफ सामावून घेण्याची शक्ती अतिशय वाढते. आषाढातील शेकडा ८५ आर्द्रतेची तीच हवा तव्याजवळ १०० अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता शेकडा ४ हूनही खाली येते. पाणी तेवढेच, पण हवेची तहान कितीतरी वाढली. बाहेर पावसाची झड लागलेली असताना तव्याभोवती वीतभर जागेत चिकलठाण्याच्या वैशाखाहूनही कोरडा वैशाख अवतरतो. झाकण घातले की तो नाहीसा होतो, कारण सुटलेली वाफ जागच्या जागी कोंडते. भजी दाटीवाटीने घातली तरी तेच. एकाची वाफ दुसऱ्याला लागते.

आच मंद का, हेही समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या आचेवर बाहेरचा थर करपतो आणि आतील कांदा थंडच राहतो. मग तेच आतील पाणी पाच मिनिटांत पुन्हा वर येते. वडा, समोसा, कचोरी असे जाड पदार्थ तर याहूनही सावकाश, दहाबारा मिनिटे तापवावे लागतात. मधोमध मोडून दोन फोडी केल्यास आतील वाफेला वाट मिळते आणि काम लवकर होते. वडा दिसायला मात्र तितका देखणा राहत नाही.

पुरीचे प्रकरण थोडे निराळे आहे. शिळी पुरी नुसती मऊ पडत नाही, ती वातड होते. पुष्कळांना वाटते, ती वाळली म्हणून वातड झाली. पण तसे नाही. झां-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये पावावर प्रयोग केला. पावातील पाणी मुळीच उडून जाऊ नये अशा रीतीने त्याने तो बंद करून ठेवला, आणि तरीही पाव शिळा झाला ! पाणी न जाताही शिळेपणा येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन सैल होतात. निवल्यावर त्यांच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ येऊन घट्ट बसतात. यालाच शिळेपणा म्हणतात. सुमारे ६० अंशांच्या वर तापवले की या साखळ्या बऱ्याच अंशी परत सैल होतात; म्हणून शिळी पुरी वा पोळी तव्यावर तापताच मऊ लागते. आणखी थोडा वेळ ठेवली तर पाणी उडून ती कडक व खुसखुशीत होते. पण हा गुण एकदाच वापरावा. दरवेळी तापवताना थोडे पाणी जाते, आणि दुसऱ्यांदा निवलेली पुरी पहिलीपेक्षा अधिक वातड निघते.

सादळलेल्या शेवचिवड्याला एवढी उठाठेव लागत नाही. जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, चारपाच मिनिटे हलवत राहिले की पुरे. मात्र शेंगदाणे आणि मिरच्या आधी करपतात, तिकडे लक्ष हवे. मुरमुऱ्यांचेही असेच. चिवड्यासाठी आणलेले पोहे उन्हात घालतात, ते याच कारणाने. भडभुंज्या कढईत वाळू तापवून तीत मुरमुरे फोडतो, तेही कोरड्या उष्णतेचेच काम. फक्त तेथे हवेऐवजी वाळू दाण्याला चोहोबाजूंनी वेढते. कापण्या तापवताना एका गोष्टीने फसगत होते. त्या गरम असताना नरमच लागतात, कारण तापलेला गूळ मऊ असतो. त्या निवल्यावरच ताठ होतात. हे ठाऊक नसलेला माणूस त्या तापवीतच राहतो आणि शेवटी त्या कडू होतात. पूर्ण निवण्यापूर्वी त्या डब्यात भरल्या, तर सारा खटाटोप फुकट.

अलीकडे पुष्कळ घरांत सूक्ष्मलहरींची भट्टी, म्हणजे मायक्रोवेव्ह, आली आहे. पर्सी स्पेन्सर या अमेरिकन अभियंत्याने १९४५ च्या सुमारास या लहरींनी अन्न तापवण्याची युक्ती शोधली. भात, आमटी झटपट गरम करायला ती फार सोयीची. तळणाला मात्र ती मानवत नाही. तिच्या लहरी अन्नातील पाण्याला तापवतात, भट्टीतील हवेला नव्हे. आतील कांद्याची वाफ होऊन ती बाहेर येते, आणि भोवतालची हवा थंड असल्यामुळे ती वाफ भज्याच्या थरातच मुरते. झाकलेल्या पातेल्यात जे घडले, तेच येथे झाकणाशिवाय घडते. उलट, ज्या विजेच्या भट्टीत पंख्याने तापलेली हवा फिरवतात, तिचे तत्त्व तव्यासारखेच आहे. १८० अंशांवर सहाआठ मिनिटे तीत भजी ठेवली, तर ती सर्व बाजूंनी सारखी वाळतात.

तळण मुळात कमी मऊ पडावे, यासाठी ते काढल्याबरोबर पातेल्यात रचू नये. पिठाची चाळणी उपडी घालून तिच्यावर पसरावे, म्हणजे खालूनही हवा लागते. तेल टिपण्यासाठी वर्तमानपत्राचा कागद घालण्याची सवय अनेक घरांत व टपऱ्यांवर अजून दिसते. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून २०१८ च्या अन्न-वेष्टन नियमांनी अन्न बांधण्यासाठी वा ठेवण्यासाठी त्या कागदाचा वापर मना केला आहे.

आता ओट्यावरच्या त्या चार बटाटेवड्यांचे काय ? बहिणीला वाटते, भज्यांबरोबर तेही तव्यावर टाकावे. दिसायला ते चांगले आहेत, वासही वाईट नाही. पण आजी हात पुढे करून ताट उचलते. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भज्यांना ती वेळ लागली नव्हती. वडे मात्र रात्रभर, दहाअकरा तास, पावसाळ्याच्या उबदार हवेत होते. उकडलेला बटाटा ओलसर व मऊ असतो, आणि सूक्ष्म जंतूंना वाढण्यास तशी जागा फार मानवते. अन्न आतपर्यंत ७० अंशांवर तापवले तर बहुतेक जंतू मरतात, हे खरे. म्हणून शीतकपाटातील भजीदेखील नुसती कोमट न करता कडकडीत तापवायची असतात. परंतु काही जंतू वाढताना असे विष मागे ठेवतात की, ते तव्याच्या उष्णतेनेही नाहीसे होत नाही. तापवलेला वडा कुरकुरीत लागेल, खमंग लागेल, आणि तरी पोटात मुरडा उठवील. कुरकुरीतपणावरून फक्त एवढेच कळते की, वरच्या थरात पाणी उरलेले नाही. आतल्या बटाट्याचे काय झाले आहे, ते त्यावरून कळत नाही. अन्न टाकणे आजीच्या जिवावर येते. दुष्काळाच्या आठवणी तिच्याजवळ आहेत. तरी वडे ती परसातल्या खड्ड्यात पुरते आणि वर माती ओढते.

खवट झालेल्या तळणाचीही गत अशीच आहे. डब्यातील शेव महिन्या-दोन महिन्यांनी जुन्या तेलासारखी वास मारू लागते. हवेतील प्राणवायूने तिच्यातील तेल बिघडलेले असते. ते पाण्याचे काम नसल्यामुळे कितीही भाजले तरी तो वास जात नाही. उलट उष्णतेने तो अधिकच उठतो. सादळ परतवता येते, खवटपणा परतवता येत नाही. डबा भरलेला, घट्ट आणि अंधारात ठेवलेला असला, तर तो थोडा उशिरा येतो, इतकेच.

आठ वाजायला आले. बहिणीने तव्यावरची कुरकुरीत भजी ताटलीत काढून ठेवली. पण त्या दिवशी कारखान्याची गाडी उशिरा आली, भाऊ हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि तेवढ्यात भजी पुन्हा मऊ पडली. आतल्या कांद्याचे पाणी संपलेले नव्हते. ते आपल्या वाटेने पुन्हा वर आले होते. भावाने ती मुकाट्याने खाल्ली. तेव्हापासून त्या घरात तवा आधी तापवून ठेवतात, आणि भजी त्यावर मांडतात ती दारात चपलांचा आवाज आल्यावर.